ब्रिज म्हणजे जुगार नव्हे, तो मेसेज पुढे ढकलणं थांबवा

सोलापुरात पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ब्रिज म्हणजे दोन-दोन जोडीदारांनी समोरासमोर बसून चौघांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ. मेसेज म्हणतो, कॉलेजं ब्रिज स्पर्धेच्या नावाखाली पोरांना पत्त्यांचा जुगार शिकवतात, प्रवेश फी म्हणजेच पैज, धाड पडली तर नाव पोलिस रेकॉर्डला लागतं आणि पासपोर्ट मिळत नाही. शिवाय खेळ नुसता नशिबाचा, अभ्यास बुडवणारा, रिटायर लोकांचा, आणि पत्ते हातात आले की पुढे तीन पत्ती ठरलेलीच. जुळे सोलापुरातल्या आमच्या दाजींनी तो वाचला आणि भाचीच्या संमतिपत्रावर सही करायला साफ नकार दिला. संघात चौघंच होते. ती बाहेर पडली आणि उरलेल्या तिघांचीही स्पर्धा गेली. आता मात्र गप्प बसवत नाही.

आधी धाडीचं बघू, कारण आईबापांच्या पोटात गोळा त्यानेच येतो. महाराष्ट्रातला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही. पत्ते पिसले म्हणजे नशीब आलंच की, असं कुणी म्हणेल. हा वाद सर्वोच्च न्यायालयात होऊन गेलाय. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण, निकाल १९६७ चा. खटला सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचा होता. न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं आणि दाखला दिला तो ब्रिजचा: ब्रिजमध्ये पानं वाटताना जितका नशिबाचा भाग असतो, तितकाच रमीत. तीन पत्तीसारख्या खेळाला मात्र वेगळं काढलं. मेसेजवाल्यानं ज्या दोन खेळांची मोट बांधलीय, ते एका निकालात कधीच वेगळे झालेत. जिथे गुन्हाच नाही तिथे रेकॉर्ड कसलं आणि पासपोर्ट कोण अडवणार? प्रवेश फी तर कबड्डीच्या स्पर्धेलाही असते.

नशिबाचा मुद्दा लिहिणाऱ्यानं स्पर्धेतला ब्रिज बघितलेलाच नाही. इथे पानं टेबलाच्या मध्ये टाकून एकत्र करत नाहीत. प्रत्येक जण खेळलेलं पान आपल्यापुढेच पालथं ठेवतो, हात जिंकला तर उभं, गेला तर आडवं. डाव संपला की ज्याची तेरा पानं त्याच्या कप्प्यात परत जातात. चार कप्प्यांच्या त्या ट्रेला बोर्ड म्हणतात. मग तो बोर्ड दुसऱ्या टेबलावर जातो. तिथे आपल्याच संघाची दुसरी जोडी उलट दिशेला बसलेली असते. म्हणजे इथे आपल्याला आलेली पानं तिथे प्रतिस्पर्ध्यांच्या हातात असतात, आणि गुण मिळतात ते दोन टेबलांवरच्या निकालांतल्या फरकावर. दोन वर्गांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी, तसा हा प्रकार आहे. पानं वाईट आली ही सबब इथे चालतच नाही.

भाची एकदा मला समजावत होती. आपल्या आणि जोडीदाराच्या हातात मिळून हुकमाची आठ पानं असतील तर पाच समोरच्यांकडे. ती ३-२ अशी वाटली गेली असण्याची शक्यता ६८ टक्के, ४-१ ची २८. त्यात बोलीच्या वेळी, म्हणजे किती हात जिंकू ते आधी सांगताना, कोण काय बोललं, कोण पास झालं, हे धरून हुकमाची राणी कुणाकडे असेल ते ताडायचं आणि मग पान टाकायचं. इंजिनिअरिंगच्या पोरीला संभाव्यतेचा याहून चांगला सराव कुठे मिळणार, ते दाजींनीच सांगावं.

अभ्यासाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं कबूल. स्पर्धा दिवसदिवस चालतात, आणि ऑनलाइन सरावाला बसलं की मध्यरात्र कधी होते कळत नाही. परीक्षेच्या तोंडावर पोरं पाठवू नयेत, हे कॉलेजांनी पाळलंच पाहिजे. काही क्लबांत पॉइंटला पैसे लावून रबर ब्रिज, म्हणजे बोर्ड न फिरवता एकाच टेबलावरचा ब्रिज, खेळतात, हेही खरं. पण कॉलेजच्या सांघिक स्पर्धेत तसलं काही नसतं. आणि तीन पत्तीची भीती असेल तर ती पोराच्या मोबाइलबद्दल बाळगा. पैशांवरचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद केले, ते उगाच नाही.

राहिला रिटायर लोकांचा खेळ. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा ते ६० आणि ५६ वर्षांचे होते. याच खेळाच्या विद्यापीठांसाठी जागतिक स्पर्धाही झाल्या आहेत. विसाव्या वर्षी सुरू करून साठीत पदक जिंकता येतं, यात वाईट काय आहे?

ज्यांनी मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी पुढच्या स्पर्धेला तासभर हॉलमध्ये येऊन बसावं. एका तरी टेबलावर रुपयाची देवघेव दिसली तर सांगा, तक्रार द्यायला मी स्वतः तुमच्याबरोबर येतो.