मन्या, टेबलं काढ!

डी-व्हॉन डडली या अमेरिकन पैलवानाने वीसेक वर्षं रिंग गाजवली, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्याला सांगितलं गेलेलं काम. जोडीदार बबा रे आधी त्याला छातीवर हात ठेवून ढकलायचा, मग पब्लिककडे बघत बेंबीच्या देठापासून ओरडायचा, ‘डी-व्हॉन, गेट द टेबल्स!’ की हा निमूट रिंगच्या बाहेर. रिंगभोवतीचं कापड वर करायचं, वाकायचं, खालून घडीचं टेबल खेचून काढायचं, आत सरकवायचं, पाय उघडायचे. पब्लिक वेडं व्हायचं, पण टाळ्या बऱ्याचशा ओरडणाऱ्याला.

आमच्या सोसायटीत बबा रे म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा सेक्रेटरी आहे. सत्यनारायण असो, रक्तदान असो की जनरल बॉडीची मीटिंग, तो पार्किंगमध्ये उभा राहून हाक मारतो, ‘मन्या, टेबलं काढ!’ ढकलत नाही एवढंच. आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जातो, कारण मी चौथ्या मजल्यावर राहतो.

टेबलं गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत. लिफ्टमध्ये ती तिरकी घातली तरी दार लागत नाही, म्हणून जिन्याने. प्रत्येकाच्या सनमायकाचा एक कोपरा उचकटलेला आहे आणि तो नेमका शर्टात अडकतो. पायांना जो खटका आहे तो दाबल्याशिवाय टेबल उघडत नाही आणि दाबला की अंगठ्याजवळचं मांस धरून बसतो. डी-व्हॉनच्या हातांचे क्लोज-अप टीव्हीवर कधी दाखवले नाहीत, पण मला खात्री आहे. ती कुस्ती ठरवलेली असते असं सगळे म्हणतात. असेल. टेबल मात्र खरं असतं.

गंमत म्हणजे हा माणूस आला तो काही हमालीसाठी नाही. न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलचा जन्म, ब्रुकलिनमध्ये जॉनी रॉड्झकडे तालीम. 1996 साली ईसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीत उतरला तोच डडली मंडळींना बडवत. ही मंडळी म्हणे एकाच बापाची पोरं. अंगात रंगीबेरंगी टी-शर्ट, डोळ्यांवर चश्मे, आणि चेहरेपट्टी बघितली तर एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. बबा गोरा, डी-व्हॉन काळा. पण आमच्या लहानपणी केबलवर हे बघताना कोणालाच शंका आली नाही. भाऊ म्हणाले म्हणजे भाऊ. पुढे दोघांची जोडी जमली आणि ईसीडब्ल्यूचा जोडीचा किताब त्यांनी आठ वेळा घेतला. 1999 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आताची डब्ल्यूडब्ल्यूई. तिथे बबाने पंचाहत्तरी ओलांडलेल्या मे यंग या आजी-पैलवानीणबाईंना उचलून टेबलावर आपटलं. आमच्या आजीने त्यानंतर तो चॅनलच बंद करायला लावला.

जोडीच्या कुस्तीत एक नियम आहे, त्याकडे कोणी बघत नाही. ज्याची पाळी नाही त्याने दोरांच्या बाहेर, कोपऱ्यात बांधलेला हातभर दोरीचा तुकडा धरून उभं राहायचं. आत जोडीदार मार खातोय, हात पुढे करतोय, बोटभर अंतर राहिलंय आणि हा दोरी सोडून पुढे जाऊ शकत नाही. दादा वर्गणीवरून बी विंगवाल्यांशी भांडत असतो तेव्हा मी असाच जिन्याच्या कठड्याला धरून उभा असतो. मध्ये पडलो तर तोच म्हणतो, ‘तू थांब.’

आता मुख्य गोष्ट. 2000 च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, डडली, हार्डी आणि एज-क्रिश्चन अशा तीन जोड्यांची शिड्या लावून कुस्ती झाली. त्याच ऑगस्टमध्ये टेबलं, शिड्या आणि खुर्च्या असं तिन्ही घेऊन, आणि 2001 मध्ये ह्यूस्टनच्या रेसलमेनियात पुन्हा. त्यात वर टांगलेल्या किताबाच्या पट्ट्यांना लटकलेल्या जेफ हार्डीवर एजने शिडीवरून उडी घेतली, ते दृश्य आजही फिरतं. तिन्ही वेळा जिंकलं कोण? एज आणि क्रिश्चन. टेबलं ज्यांची ओळख, ते हात हलवत परत. मला यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे मी मांडलेल्या टेबलांवरची पहिली जिलबी दरवर्षी बी विंगवाले नेतात.

2002 साली कंपनीने जोडी फोडली. डी-व्हॉन झाला ‘रेव्हरंड’, म्हणजे पाद्रीबुवा. त्याच्यामागे दानपेटी धरून एक धिप्पाड नवखा उभा असायचा, डीकन बटिस्टा. तो पुढे वर्ल्ड चॅम्पियन झाला, सिनेमात गेला. पाद्रीबुवा वर्षअखेर भावाकडे परत. दादाची नाशिकला बदली झाली होती तेव्हा उत्सव समिती माझ्या हातात आली होती. पावतीपुस्तक धरायला मी बी विंगचा एक पोरगा घेतला. तो आज सोसायटीचा चेअरमन आहे आणि मला ‘काका, जरा टेबलं बघाल का’ म्हणतो. ‘बघाल का’ म्हणतो, ही त्यातल्या त्यात प्रगती.

2002 च्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघं पुन्हा एकत्र आले आणि बबाने पहिलं काय केलं? टेबल मागितलं. मधल्या काळात कसा होतास, जेवलास का, काही नाही. दादाही नाशिकहून परतला तो सामान टेम्पोत असतानाच गच्चीची किल्ली विचारत.

2005 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सोडल्यावर डडली हे नावही कंपनीकडेच राहिलं. मग टीएनए या दुसऱ्या कंपनीत ते ‘टीम थ्रीडी’ झाले, 2009 साली जपानचा जोडीचा आयडब्ल्यूजीपी किताबही मारला. 2012 मध्ये डी-व्हॉनला एकट्याच्या जिवावर टीएनएचा टेलिव्हिजन किताब मिळाला. पुढच्याच वर्षी भाऊ तिथला वर्ल्ड चॅम्पियन. हे थोरल्या भावांचं असंच असतं. मी क्लबहाउसला पंखे बसवले, त्याने एसी मंजूर करून घेतला.

2018 मध्ये दोघांना डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. ओळख करून द्यायला उभे कोण, तर एज आणि क्रिश्चन. तोपर्यंत डी-व्हॉन पडद्यामागे जाऊन दुसऱ्यांच्या कुस्त्या बसवू लागला होता. मीही पुतण्याला तयार करायला घेतलं. खटका कुठून दाबायचा, वळणावर टेबल उभं कसं करायचं, कोपरा आपल्या बाजूला का नाही ठेवायचा. पोरगं मोबाइलमध्ये बघत हो-हो करत होतं. मी म्हटलं, गेली विद्या.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी दादा पार्किंगमध्ये उतरला, घसा खाकरला, वर बघून तोंड उघडलं आणि तसाच राहिला. टेबलं लागलेली होती. पांढरी, प्लास्टिकची, हलकी, सगळी एका रांगेत. पुतण्याने सकाळीच भाड्याने मागवली होती. दोन माणसं येऊन मांडून गेली. मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा होतो. असा चहा मी त्या सोसायटीत कधी प्यायलो नव्हतो.

दादाने टेबलांभोवती एक चक्कर मारली. एक हलवून पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून वर बघितलं.

‘मन्या, शिडी काढ! माळा लावायच्यात.’