पालकांचा सहभाग दिसत नाही

परवाच्या शनिवारी मला चौथीच्या प्रोजेक्टमध्ये 'सी' मिळाला. कागदावर नाव लेकीचं आहे, पण मिसनी शेरा वाचला तो माझ्याकडे बघून आणि तो होताही माझ्यासाठीच. 'पालकांचा सहभाग दिसत नाही.' खाली लाल पेनाने रेघ. एक नाही, दोन.

ओपन हाऊस होतं. पोरांच्या त्या बुटक्या बाकावर आपल्याला बसवतात, गुडघे हनुवटीला टेकतात, आणि अशा अवस्थेत माणूस वाद घालू शकत नाही हे शाळेला बरोब्बर माहीत असतं. नवरोबा आले नव्हते. त्याबद्दल मिस म्हणाल्या, "सर बिझी असतील ना." मी ऑफिसातून हाफ डे टाकून आले होते, पण आई बिझी असूच शकत नाही, आई फक्त दुर्लक्ष करते.

तर २०२५ च्या जुलैत आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी धरून १२, आनंदच आहे, पण त्याचं पर्यवसान 'यापैकी एका किल्ल्याची प्रतिकृती' असं होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. लेकीने लोहगड घेतला, कारण तो ती चढलीय. दिवाळीच्या किल्ल्यातली उरलेली माती, वर अळीव पेरलेले, दोन मावळे, तोफ हरवली म्हणून पेनाचं टोपण. आणि लोहगडाचा विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी पुढे गेलेली डोंगराची सोंड, तिने इतका मन लावून केला होता, लांबच लांब, पार पुठ्ठ्याच्या बाहेर गेलेला. रिक्षात तो थोडा तुटला. मिसनी विचारलं, "हे पुढे काय लोंबतंय?"

मी म्हटलं विंचूकाटा. त्या म्हणाल्या, "तेवढं नीट कापून आणलं असतं तरी चाललं असतं."

असो. पण मला खरं सांगायचंय ते रायगडवाल्यांबद्दल.

शेजारच्याच टेबलावर रायगड होता. टेबलावर म्हणजे काय, टेबल त्याच्या खाली कुठेतरी होतं. महादरवाजा, बाजारपेठ, होळीचा माळ, हिरकणी बुरूज, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दिवा, गंगासागर तलावात मोटरने पाणी फिरतंय. आणि शेजारी एक गृहस्थ हातात रिमोट घेऊन उभे. मुलगा मागे.

"ताई, रोपवे बघितला का?"

मी म्हटलं, छान आहे हो.

"नाही, असं नाही. खाली येऊ द्या, मग कळेल."

आम्ही थांबलो. ट्रॉली अर्ध्यात आली आणि लटकली. "व्होल्टेज," ते म्हणाले आणि दोन बोटांनी तिला हळूच ढकललं.

मी सहज विचारलं की महाराजांच्या रायगडाला रोपवे कसा काय. तर ते अजिबात ओशाळले नाहीत. "मी पण तेच म्हटलं, पण कारागीर म्हणाला, रोपवे नसला तर पब्लिकला रायगड ओळखू येत नाही."

"कारागीर?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "गणपतीचं डेकोरेशन करतात ते. आता ऑफ सीझन आहे ना, म्हणून परवडलं. श्रावणात गेलो असतो तर दाराशी उभं केलं नसतं. थर्माकोल नाहीये हां, सनबोर्ड आहे, बंदी आहे ना २०१८ पासून, आपण कायद्याने चालतो." सनबोर्ड हे पण प्लास्टिकच असतं हे मी बोलले नाही, माणूस एवढ्या आनंदात होता. किती पडले विचारलं तर म्हणाले, "मिसेस इथेच आहेत, हळू बोला."

मला वाटलं आता हे समाधानी असतील. छे! माणूस आतून जळत होता. का, तर त्यांना 'ए' मिळाला होता. 'ए प्लस' गेला होता सिंधुदुर्गाला.

"काय आहे हो त्यात? टब आहे. टबात किल्ला ठेवलाय. आणि मासे सोडलेत." आवाज चढला. "जिवंत मासे, ताई! हे फेअर आहे का? माशांचे मार्क कुठल्या निकषात बसतात सांगा मला. आणि आम्हाला काय लिहिलंय, जगदीश्वराचं देऊळ स्केलमध्ये नाही. अहो तुम्ही स्केल दिलं होतं का? मी प्रिन्सिपल मॅडमना भेटणार आहे."

मी म्हटलं, भेटाच. (खरं तर मलाही ते मासे खटकले होते. एक उताणा दिसत होता.)

मग मी त्यांच्या मुलाला विचारलं, बाळा, तुला यातलं सगळ्यात काय आवडलं? तो वडिलांकडे बघत म्हणाला, "मला हात लावायचा नाहीये."

त्या प्रतिकृतीवर एक चिठ्ठी होती, 'मी स्वतः बनविले आहे'. शाळेचा नियमच आहे तसा. खऱ्या रायगडावर हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या पायरीवर स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, 'सेवेचे ठायी तत्पर'. साडेतीनशे वर्षं झाली, बांधणाऱ्याचं नाव अजून जागेवर आहे. आणि आमच्या या रायगडाच्या बिचाऱ्या हिरोजींचं नाव कोपऱ्यातसुद्धा नाही, आणि मार्क मात्र दुसऱ्यालाच, तेही कमी.

आता विनोद बाजूला ठेवून मला एक कळत नाही की हे शिकवायचं काम नक्की कोणाचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात लिहिलंय की शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती सांगावी. मुलाची! आईच्या हस्तकलेची प्रगती सांगा असं कुठे लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. माझ्या लेकीला भागाकार येतोय का हे मी विचारलं तर मिस म्हणाल्या, "ते ॲपवर अपडेट होतं." २०२४ मध्ये सरकारने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नका, लहान मुलांची झोप होत नाही. झाली बाबा मुलांची झोप. आता रात्री दीड वाजता फेव्हिकॉलमध्ये बोटं घालून पालक बसलेले असतात.

आणि जिथे खरंच आमचा सहभाग हवा असतो तिथे काय? आपल्याकडे २०११ चा फी नियमनाचा कायदा आहे, त्यात पालक-शिक्षकांची कार्यकारी समिती असते, त्यातले पालक सोडतीने निवडायचे, आणि शाळेचा फीवाढीचा प्रस्ताव त्या समितीपुढे यावा लागतो. म्हणजे बघा, केवढी ताकद! आमच्याकडे सोडतीच्या दिवशी मिठाईच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, एका यूकेजीच्या बाळाने उचलल्या, ज्यांची नावं आली त्यातले निम्मे म्हणाले टाइम नाही, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये तासभर चर्चा कसली, तर कँटीनच्या समोशाचं तेल. मग चहा. मग फीचा कागद, सही इथे करा. पुढे तक्रार करायची तर एकट्यादुकट्याचं काम नाही, २५ टक्के पालक गोळा करा. रायगडाला रोपवे बसवायला तयार असलेले पालक सही म्हटलं की 'उगाच मुलाला त्रास नको' म्हणतात. मीही काही फार वेगळी आहे असं नाही.

दुसरे २५ टक्केही आहेत आमच्याकडे, शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांसाठी राखीव जागांवर आलेले. लेकीच्या वर्गातल्या एकाची आई आमच्याच सोसायटीत चार घरी पोळ्या करते. त्याने शिवनेरी केला होता, बुटाच्या खोक्याचा, बुरूज आगपेट्यांचे, आणि सातही दरवाजांची नावं त्याने मला न अडखळता घडाघडा म्हणून दाखवली. त्याच्या कागदावर शेरा तोच. रेघाही दोन. त्याची आई माझ्याकडे बघून कसनुसं हसली आणि म्हणाली, "ताई, मला वाटलं त्यानेच करायचं असतं." मी काय बोलणार! तिचाही पगार कापला गेला असणार त्या दिवशी. फी माफ आहे म्हणे त्याला. सनबोर्ड माफ नाही.

घरी येऊन मी लेकीला म्हटलं, मला आवडला बरं का तुझा लोहगड. ती म्हणाली, "हो, पण तुला सी मिळाला ना."

रात्री ग्रुपवर मेसेज आला. पुढचा प्रोजेक्ट 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट'. घरातल्या टाकाऊ वस्तू वापरून टिकाऊ वस्तू बनवणे, आणि खाली लिहिलेलं, आवश्यक टाकाऊ साहित्याचा संच शाळेच्या स्टेशनरी काउंटरवर उपलब्ध आहे. त्यावर पटापट नमस्कार, अंगठे, 'थँक्यू मॅम'. मी फोन आपटणार तेवढ्यात रायगडवाल्यांचा पर्सनल मेसेज. नंबर बहुतेक ग्रुपवरूनच काढला असावा.

"ताई, शाळेचं वेस्ट घेऊ नका, क्वालिटी नाही. आपल्या माणसाकडे फ्रेश स्टॉक आहे."