भावकीत काय झालंय?

काल बेळगावच्या गणपत गल्लीतल्या एका दुकानात रेकॉर्डर विचारायला गेलो आणि जमिनीच्या दाव्यातला वादी होऊन बाहेर पडलो. डोकं अजून तापलेलंच आहे.

कणकुंबीच्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात, बस्स एवढंच. मोबाईलवर घेऊन बघितल्या, तर त्या शहाण्याने जात्याची एकसारखी घरघर म्हणजे गोंगाट समजून दाबून टाकली आणि मावशी पाण्याच्या टाकीत उतरून गातेय असं ऐकू येतंय.

दुकानदाराला म्हटलं, झूम नाहीतर टॅस्कॅम कंपनीचा फील्ड रेकॉर्डर आहे का. त्याने काउंटरखालून एक पेन काढलं. पेनातच रेकॉर्डर. "खिशाला लावायचं सर, समोरच्याला कळतच नाही."

म्हटलं, कळू दे की, समोर मावशी आहे.

इथे स्टुलावरचे काका जागे झाले. टीव्हीचा रिमोट दुरुस्तीला आणलेला, मांडीवर कुंद्याच्या मिठाईचा डबा.

"मावशी म्हणजे आईकडची?"

"हो."

"पहाणीवर नाव कुणाचं हाय?" (पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा.)

"काका, ओव्या रेकॉर्ड करायच्यात."

"व्हय, तसंच सांगायचं. आधी ओव्या म्हण म्हणायचं, मग हळूच जमिनीचा विषय काढायचा. खरं सुरवातीलाच तारीख बोलून घे, न्हाईतर वकील उडवतोय."

चार्जर घ्यायला आलेला एक पोरगा म्हणाला, कोर्टात पेन चालत नाही. काका म्हणाले, तुला काय कळतंय. मग त्यांच्या थोरल्या भावाने बांध कसा सरकवला, वहिनीने विहिरीवर काय शिव्या दिल्या, आणि तेव्हा हे पेन असतं तर आज काय झालं असतं, हे सगळं निघालं. दुकानदार मान डोलावत होता. मी नुसता उभा. माझ्या मावशीची सगळी जमीन म्हणजे घरामागचा अळूचा वाफा, पण ते सांगायला मध्ये फट तर मिळायला पाहिजे!

आता दुकानदाराला काय सांगू की मला काय हवंय. मावशी गाते हळू, आणि मध्येच दारात कुत्रं आलं की "हाड!" असं ओरडते की पत्रे हलतात. हळू गाण्यावर लेव्हल लावली तर 'हाड'ला आवाज फाटतो, 'हाड'वर लावली तर ओवी खरखरीत बुडते. म्हणून 32-बिट फ्लोट नावाचं रेकॉर्डिंग हवं, त्यात मोठा आवाज नंतर खाली आणता येतो (अर्थात माइकच गुदमरला तर त्याचाही इलाज नाही). झूमचा एच-वन इसेन्शियल खिशात मावतो, त्यात ही सोय आहे आणि माइकही वरच बसवलेत. झूमचाच एफ-थ्री जास्त स्वच्छ, पण त्याला स्वतःचा माइकच नाही, बाहेरचे माइक जोडायला दोन एक्सएलआर भोकं आहेत, म्हणजे माइक वेगळे, वायरी वेगळ्या, वाऱ्यासाठी केसाळ टोपी वेगळी, आणि बायको काय म्हणेल ते वेगळंच. टॅस्कॅमच्या डीआर-झिरोफाइव्ह-एक्समध्ये 32-बिट फ्लोट नाहीच. आणि हे सगळं व्हिडिओ बघून ठरवायचं, ज्यातले सगळे बंद खोलीत बसून स्वतःचाच आवाज टेस्ट करतात. जात्याशेजारी ठेवून कोण दाखवणार?

ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली कुमार गंधर्व जन्मले तिथे हळू आवाज ऐकणारं यंत्र मागितलं की लोक वकील सुचवतात. छातीत धडधड भरवणारे डीजेचे डबे मात्र गणपतीत पाहिजे तितके मिळतात, त्याला कुणी विचारत नाही केस कुणावर आहे म्हणून. खरं तर तिथेच व्हायला पाहिजे केस.

तेवढ्यात काकांनी पेन चालू करून माझ्या तोंडासमोर धरलं. "बोल कायतरी."

"ओव्या," मी म्हटलं, दात खाऊन.

दुकानदाराने लावून दाखवलं. मागे सूंऽऽऽ असा आवाज, त्यात कुठेतरी मी. न राहवून म्हटलं, काका, माइकचा आवाज वाढवणारा प्रीअँप बेकार आहे, किती सूं वाजतंय बघा.

"वाजू दे की! जज्जाला काय गाणं ऐकायचंय होय?"

पेन त्यांनी घेतलं. रिमोट तसाच राहिला. जाताना माझ्या हातावर कुंद्याचा तुकडा आणि वकिलाचा नंबर ठेवला, फी नंतर बघू म्हणाले. बिल फाडता फाडता दुकानदार माझ्याकडे वळला, "तुम्हाला पण एक बांधू का सर? दोन गेले तर कमी करतो."