‘खरखर आली? रॅम वाढवा!’ : घरच्या रेकॉर्डिंगबद्दल फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सप्ताहाचे दिवस जवळ आले की भजनी मंडळांच्या, शिक्षकांच्या आणि यूट्यूबवर भारूड टाकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरू लागतो. त्याचं सार असं : घरचं रेकॉर्डिंग बिघडतं ते कॉम्प्युटर कमजोर असल्यामुळे. माइक दिसत नसेल तर विंडोज नव्याने टाका. खरखर आली तर रॅम १६ जीबी करा. सॅम्पल रेट १९२ किलोहर्ट्झ आणि बफर ६४ ठेवा, आवाज स्टुडिओसारखा येईल. गाणं पेटीच्या मागे पडत असेल तर प्रोसेसर स्लो आहे, नवा घ्या. घुरघुर येत असेल तर प्लगची जाड पिन काढून टाका. खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवा आणि शेवटी नॉइज रिडक्शन दोनदा फिरवा.

यातला एक सल्ला जिवावर बेतणारा आहे आणि बाकीचे खिशावर. एक गायक, एक पेटी, एक पखवाज एवढं ऑडॅसिटी किंवा रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायला आठ-दहा वर्षांपूर्वीचा धड चालणारा लॅपटॉप पुरतो. बिघाड बहुतेक वेळा वायर, ड्रायव्हर, सेटिंग किंवा खोली यांपैकी कशात तरी असतो. तो शोधता येतो, आणि शोधायला पैसे लागत नाहीत.

‘माइक दिसत नाही, विंडोज नव्याने टाका.’ गरज नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात मायक्रोफोन उघडा. तिथे डेस्कटॉप ॲप्सना माइक वापरू देण्याचं बटण वेगळं असतं. ते बंद असलं तर ऑडॅसिटीत सपाट रेघ येते आणि कुठलीही सूचना दिसत नाही. कॉलरचा स्वस्त माइक असेल तर त्याची पिन बघा. पिनवर दोन काळ्या रिंगा असतील तर ती तीन भागांची पिन झाली. लॅपटॉपच्या हेडसेटवाल्या एकाच भोकाला तीन रिंगांची, चार भागांची पिन लागते, त्यामुळे मधे जोडणी बदलणारा छोटा ॲडॉप्टर घ्यावा लागतो. कंडेन्सर माइक इंटरफेसला (माइक यूएसबीवाटे लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीला) लावला असेल तर ४८ व्होल्टचं बटण दाबलंय का ते बघा. ब्लूटूथ हेडसेटचा माइक तर रेकॉर्डिंगला घेऊच नका. माइक चालू झाला की हेडसेट फोन कॉलच्या पद्धतीवर जातो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

‘खरखर म्हणजे रॅम कमी.’ आधी हिशोब बघू. ४८ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल), २४ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने लिहिला जातो ते), एक ट्रॅक म्हणजे सेकंदाला १४४ किलोबाइट. ऑडॅसिटी मुळात ३२ बिटवर ठेवते, तिथे १९२ किलोबाइट. तासाभराचं कीर्तन ७०० मेगाबाइटच्या आत बसतं आणि ते रॅममध्ये साठत नाही, डिस्कवर लिहिलं जातं. रॅम लागते ती कॉम्प्युटरमधला तबला, तानपुरा किंवा व्हायोलिनचे मोठमोठे साउंड लोड करून वाजवायचे असतील तेव्हा. चार जीबीच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करताना ब्राउझर बंद ठेवा, एवढं पथ्य पुरे.

मग खरखर येते कुठून? त्यासाठी खरखरीची जागा मोठी करून बघा. कंट्रोल आणि १ ही बटणं दाबत जा, लाटेची एकेक ओळ दिसायला लागेल. लाटांचे माथे कात्रीने छाटल्यासारखे सपाट असतील तर ते क्लिपिंग, म्हणजे आवाज गरजेपेक्षा जास्त घेतला गेलाय. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, इंटरफेसवरच्या खुंटीने कमी करा. सॉफ्टवेअरची पट्टी खाली ओढून उपयोग होत नाही, कारण माथे आधीच छाटले गेलेले असतात. म्हणून तर कधी कधी मीटर उणे ६ डेसिबलवर दिसतो आणि माथे तरी सपाट असतात. सगळ्यांत मोठ्या आलापीला मीटर उणे १२ ते उणे ६ च्या मधे राहिला पाहिजे.

माथे गोल आहेत, पण लाट मधेच तुटून उभी उडी मारते, किंवा बारीक तुकडा गायबच आहे, असं दिसलं तर तो ड्रॉपआउट. म्हणजे माइककडून आलेला डेटा कॉम्प्युटरने वेळेत उचलला नाही. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये ड्रॉपआउट ओळखण्याची खूण चालू असली तर ती अशा जागांवर स्वतःच लेबल लावते. इलाज या क्रमाने करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. पहिल्यांदा यूएसबी केबल बदला. मग हब काढून इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. चार्जिंगपुरती असलेली मोबाइलची केबल इथे चालत नाही, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. त्यानंतर पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला बंद कर’ या अर्थाची खूण काढा. मग एअरप्लेन मोड. वायफायचा ड्रायव्हर हा ड्रॉपआउटचा फार जुना गुन्हेगार आहे, तो प्रोसेसरला मधेच अडवून ठेवतो. लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन दहा मिनिटं चालू ठेवलं तर कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते नावानिशी दिसतं. प्रोजेक्टचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल तर तिथून हलवा. पेन ड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करू नका. तो फॅट ३२ पद्धतीचा असला तर एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही, आणि ऑडॅसिटी २०२१ पासून सगळा प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये ठेवते. रात्रभराच्या जागराचे बरेच ट्रॅक असतील तर ऐन काकड्याला फाइल अडकेल.

‘सॅम्पल रेट १९२, बफर ६४.’ हे केलं तर आधी नसलेली खरखर येईल. माणसाच्या कानाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वय वाढलं की त्याहून कमी. ४८ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरतो. १९२ ने फाइल चौपट होते, यूएसबीवरचं ओझं चौपट होतं, आणि पेटीचा आवाज होता तसाच राहतो. बिट मात्र २४ ठेवा. त्याने आवाज जरा कमी घेऊनही खालची सरसर वर येत नाही.

बफरचा आवाजाच्या दर्जाशी काही संबंध नाही. बफर म्हणजे किती सॅम्पल जमले की कॉम्प्युटरने ते उचलायचे हा आकडा. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे १.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रत्येक खेप उचलली गेली नाही की तुकडा सांडला. २५६ म्हणजे ५.३ मिलिसेकंद, गाताना एवढं ठीक. गाणं झाल्यावर मिक्सिंगला १०२४, म्हणजे २१.३ मिलिसेकंद, खुशाल ठेवा.

रेटबाबत खरी काळजी वेगळीच आहे : तो सगळीकडे सारखा हवा. कंट्रोल पॅनेलच्या साउंडमध्ये रेकॉर्डिंग आणि प्लेबॅक या दोन्ही टॅबच्या ॲडव्हान्स्डमध्ये, इंटरफेसच्या स्वतःच्या खिडकीत आणि प्रोजेक्टमध्ये, चारही जागी ४८. इंटरफेसचं आतलं घड्याळ ४४.१ वर चाललं आणि फाइलवर ४८ चा शिक्का बसला तर पाच मिनिटांचा अभंग ४ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो आणि सूर पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण दीडपट चढतो. काळी एकमधलं भजन पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठेतरी वाजतं, पेटीच्या एकाही पट्टीला जुळत नाही. गायकाला दोष देण्याआधी हे तपासा.

‘गाणं मागे पडतं, प्रोसेसर स्लो.’ या मुद्द्यावर मेसेजने सगळ्यांत जास्त गोंधळ घातलाय, कारण मागे पडण्याचे तीन वेगळे प्रकार असतात आणि तिघांचे इलाज वेगळे.

गाताना स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो, हा पहिला. आवाज कॉम्प्युटरमधून फिरून येतो म्हणून असं होतं. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा. संपलं.

दुसरा प्रकार : पेटी आधी रेकॉर्ड केली, ती ऐकत गायलं, आणि ऐकताना गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच मागे किंवा पुढे. हे लेटन्सीच्या, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून जायला-यायला लागणाऱ्या उशिराच्या, भरपाईचं काम. ऑडॅसिटी नवा ट्रॅक मुळात १३० मिलिसेकंद मागे खेचून ठेवते. तो सरसकट आकडा आहे, तुमच्या मशीनचा नाही. तुमच्या मशीनचा आकडा शोधायचा असा : जनरेट मेन्यूतून रिदम ट्रॅक बनवा. हेडफोनची एक वाटी माइकला टेकवा. तो ट्रॅक वाजत असताना दुसरा रेकॉर्ड करा. मग मोठं करून पहिल्या ट्रॅकच्या टोल्यापासून दुसऱ्यातल्या त्याच टोल्यापर्यंत सिलेक्शन ओढा आणि लांबी वाचा. नवा टोला ४० मिलिसेकंद उशिरा असेल तर उणे १३० चं उणे १७० करा. लवकर असेल तर उणे ९०. परत एकदा तपासा. ऑडॅसिटीतला होस्ट (विंडोजशी आवाजाची देवाणघेवाण करण्याची पद्धत) एमएमईवरून वासापीवर नेला, इंटरफेस किंवा सॅम्पल रेट बदलला, तर हा आकडा पुन्हा काढावा लागतो. मेसेज लिहिणाऱ्याने नवा प्रोसेसर घेतला तरी तो काढावाच लागेल.

तिसरा प्रकार सुरुवातीला बरोबर असतो आणि हळूहळू सरकत जातो. इथे दोन घड्याळं आहेत. यूएसबी माइकचं एक, लॅपटॉपच्या हेडफोनचं दुसरं. दोघांत दशलक्षात ५० इतका फरक असला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद, तासाला १८० मिलिसेकंद सरक पडते. हेडफोन माइकच्या किंवा इंटरफेसच्याच भोकात लावा, म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज एकाच घड्याळावर चालेल. मोबाइलवर व्हिडिओ आणि लॅपटॉपवर आवाज घेतला असेल तर सरक टळत नाही. तिथे दर काही मिनिटांनी शांत जागी कापून तुकडा जुळवून घ्या.

‘घुरघुर येते, जाड पिन काढा.’ हे करू नका, आणि कुणी केलं असेल तर आजच तो प्लग बदलून द्या. जाड पिन अर्थिंगची. उपकरणात आत कुठे वायर सुटून धातूच्या अंगाला लागली तर वीज त्या पिनवाटे जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. पिन नसेल तर ती वीज माइक हातात धरलेल्या माणसातून जाते. माइकची धातूची जाळी ओठांपासून बोटभर अंतरावर असते.

घुरघुरीचा माग असा काढा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज गेला तर वाट चार्जरची आहे. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवरच राहा. तसं जमत नसेल तर लॅपटॉप, इंटरफेस, मिक्सर, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. दोन वेगवेगळ्या सॉकेटांतून अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या की त्यांच्यात ५० हर्ट्झची घुरघुर फिरते. मिक्सरकडून येणारी वायर बॅलन्स्ड (वाटेत शिरलेली घुरघुर रद्द करणारी) घ्या. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर तीच घुरघुर कर्कश होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार, तेव्हाही बॅटरीच बरी. आणि आपल्याकडची खास गोष्ट : उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक पडली की अर्थिंगचा खड्डाही सुकतो, त्याचा विरोध वाढतो आणि घुरघुर चढते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात नेमाने पाणी टाका.

‘अंड्यांचे ट्रे लावा.’ ट्रेचा पुठ्ठा पातळ असतो. वरच्या पट्टीतला आवाज तो जरासा विखुरतो, खर्ज तसाच घुमत राहतो, आणि पुठ्ठा पेट घेतो ते वेगळंच. त्यापेक्षा घरातल्या जाड वाकळी काढा. माइक समोरचं ऐकतो, म्हणून वाकळ गायकाच्या पाठीमागे टांगा, भिंतीपासून वीतभर सोडून. दुसरी बाजूला. तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटर. गावात माळवदाचं घर उपलब्ध असेल तर पत्र्याच्या खोलीपेक्षा तिथेच बसा. जाड मातीच्या भिंती बाहेरचा ट्रॅक्टर अडवतात. पत्रा तर दुपारी तापताना आणि संध्याकाळी निवताना टकटक वाजतो, आणि ती टकटक कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही. कूलर आणि पंखा बंदच हवा, मग रेकॉर्डिंग पहाटे ठेवावं लागलं तरी चालेल.

‘नॉइज रिडक्शन दोनदा.’ दोनदा फिरवलं की गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं आणि शब्दांच्या मागे बारीक किणकिण येते. एकदाच, ६ ते ९ डेसिबल, पुरे. प्रोफाइल, म्हणजे नुसत्या मागच्या गोंगाटाचा नमुना, घेण्यासाठी गाणं सुरू व्हायच्या आधी चार-पाच सेकंद सगळे गप्प बसा आणि तेवढा तुकडा निवडा. त्या वेळी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद असला पाहिजे. तो चालू राहिला तर सॉफ्टवेअर षड्ज-पंचमालाच कचरा समजतं आणि अख्ख्या अभंगातून गायकाचा सा खरवडत जातं.