विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉईड पक्का? नाही हो!

पावसाळा लागला की तो मेसेज परत फिरतो: ताप आला की पहिल्याच दिवशी विडाल (टायफॉईडसाठीची रक्ताची टेस्ट) करा, पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉईड पक्का, रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत औषध सोडू नका, आणि दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे आले तर त्यातली एक लॅब चोर. मी लॅबमध्ये रोज विडाल लावते, म्हणून एकेक मुद्दा घेतेच.

पहिल्याच दिवशी? अहो, विडाल जंतू शोधतच नाही, रक्तातल्या अँटीबॉडी (जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) बघते आणि त्या वाढायला साधारण आठवडा जातो.

पॉझिटिव्ह म्हणजे पक्का, हे तर सगळ्यात घातक. पूर्वी कधी टायफॉईड झालेला असेल, लस घेतलेली असेल, कधीकधी मलेरिया किंवा डेंगी असेल तरी विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. हिशोब करून बघा. समजा तापाचे 1000 पेशंट आले, त्यात टायफॉईड फक्त 20 जणांना, आणि टेस्ट दोन्ही बाजूंनी 90 टक्के बरोबर धरू. खरे पॉझिटिव्ह 18, पण उरलेल्या 980 मधले 98 जण उगाच पॉझिटिव्ह! म्हणून आधी डॉक्टरांनी तपासायचं, मग टेस्ट. सरसकट सगळ्यांची केली की खोटे पॉझिटिव्ह वाढणारच.

दोन लॅबचं म्हणाल तर स्लाईडवर सीरमचा (रक्तातल्या पातळ भागाचा) थेंब, त्यात रंगीत अँटिजेन (टायफॉईडच्या मेलेल्या जंतूंचं द्रावण), मिनिटभर हलवायचं आणि लगेच वाचायचं, दाणे धरले तर पॉझिटिव्ह. गर्दीत जरा उशीर झाला की थेंब कडेने सुकतो आणि दाणे धरल्यासारखे दिसतात, प्रत्यक्षात काहीच नसतं. म्हणून स्लाईड पॉझिटिव्ह आली की ट्यूब पद्धतीने खात्री करायला हवी, आणि त्याला वेळ लागतो. यात चोरी कसली?

आणि रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत औषध चालू ठेवायचं? अजिबात नाही, अँटीबॉडी बरं झाल्यावरही कित्येक महिने राहतात, तोवर अँटीबायोटिक खाणार का?

खरी खात्री ब्लड कल्चरने (रक्त बाटलीत ठेवून त्यातले जंतू वाढतात का ते बघायचं), आणि तेही अँटीबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी. त्यातही खोटं पॉझिटिव्ह येतं बरं का, कातडी स्पिरिटने पुसून ती सुकायच्या आत सुई घातली की कातडीवरचेच जंतू बाटलीत वाढतात. तेव्हा आम्ही "थांबा, सुकू द्या" म्हटलं की प्लीज घाई करू नका, आणि घरी कुठली गोळी सुरू केली असेल तर सुई लावायच्या आधीच सांगा.