शिळ्याचं भय घालणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: शिजवलेलं अन्न तीन तासांत संपवा, नंतर ते विष, फ्रिजमधली कणीक रोगाला आमंत्रण, कुकर सत्त्व मारतो, फ्रोझन मटारात काही उरत नाही, आणि आपल्या आज्या रोज सगळं ताजं करायच्या, आताच्या बायकांना कंटाळा. खाली गीतेचा श्लोक आणि जोडलेले हात.

श्लोकापासूनच सुरुवात करू. सतराव्या अध्यायातला दहावा, ‘यातयामं गतरसं’. याम म्हणजे तीन तास, इथवर ठीक. पण असं अन्न तामसी वृत्तीच्या माणसाला आवडतं, एवढंच तिथे म्हटलं आहे; विषाचं नावही नाही. शिवाय हा नियम घड्याळ लावून पाळायचा, तर घोडबंदर रोडवरून सकाळी साडेसातला निघणाऱ्याने डबा न्यायचाच नाही. पोळी-भाजी सहाला होते, डबा एकला उघडतो. पोळी आणि सुकी भाजी तेवढा वेळ तग धरते, म्हणून तर डब्यात तीच जाते. मजकूर पाठवणाऱ्या काकांनीही नोकरीभर तोच डबा खाल्ला असेल.

एका पदार्थाबाबत मात्र घाबरायला जागा आहे, आणि नेमकं त्याचं नाव त्या मजकुरात नाही. भात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की उबेत ते वाढतात, आणि त्यांचं एक विष असं आहे की सकाळी कितीही कडकडीत फोडणी दिली तरी जात नाही. मे महिन्यातल्या ठाण्याच्या दमट स्वयंपाकघरात हे आणखी लवकर होतं. म्हणून फोडणीचा भात करायचा असेल तर उरलेला भात पसरट भांड्यात निववून तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवा आणि दुसऱ्या दिवशी संपायला हवा. म्हणजे प्रश्न तीन तासांचा नाही, ते तास अन्न कुठे होतं याचा आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जिवाणू झपाट्याने वाढतात. फ्रिज त्याच्या खाली ठेवतो. गरम पातेलं कोंबलेल्या, दार नीट न लागणाऱ्या फ्रिजचं काही सांगता येत नाही.

कणीक काळपट पडते ती गव्हाच्या कोंड्यातल्या विकरांचा हवेशी संबंध आल्याने, कापलेलं सफरचंद पडतं तशीच. तेलाचा हात लावून घट्ट डब्यात ठेवली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत छान राहते. आंबट वास आला की टाका.

कुकरचा आरोप तर उलटाच. आत पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे तूरडाळ मोकळ्या पातेल्यापेक्षा कितीतरी कमी वेळात शिजते. जास्त वेळ रटरटल्याने आणि पाणी ओतून दिल्याने क जीवनसत्त्व जातं. कुकरमध्ये दोन्ही कमी. गॅस वाचतो तो वेगळाच. भाजी चिरल्यावर धुणं जास्त नुकसान करतं, पण त्यावर कोणी फॉरवर्ड लिहीत नाही.

मटार काढणीनंतर लवकरच किंचित उकळवून गोठवतात, म्हणून त्यांचं बरंचसं सत्त्व टिकतं. पावसाळ्यात महागडे, सुकलेले मटार घेण्यापेक्षा हिवाळ्यात जांभळी नाक्यावर स्वस्त झाले की सोलून, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात आणि लगेच थंड पाण्यात घालून, कोरडे करून फ्रीझरमध्ये टाकावेत.

राहिल्या आज्या. त्या रोज सगळं ताजं करायच्या? मग उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे, कुरडया, पापड कशासाठी वाळत होते? भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लोणचं, मोरावळा हे सगळं ऐनवेळचं काम आधी उरकून ठेवणंच आहे. रात्रीची भाकरी सकाळी दही-चटणीशी न्याहारीला असायची, आणि शीतला सप्तमीला तर आदल्या दिवशीचंच खायचं, चूल पेटवायची नाही. त्यातही घरात जावा-नणंदांचे चार-सहा हात असत. आज फास्ट लोकलनेही सीएसएमटीहून ठाण्याला पाऊण तास, पुढे रिक्षाची रांग. आठला घरी पोचलेल्या बाईला (किंवा बाप्याला, त्यालाही कणीक मळता येते) कंटाळखोर म्हणणं सोपं आहे.

आणि ‘रोजची भाजी रोज आणा’ हे सांगणाऱ्याने आठ वाजता स्टेशनबाहेर पाव-पाव किलोचा भाव विचारून बघावा. त्यापेक्षा रविवारी एकदाच बाजार करावा. मेथी-पालक सोम-मंगळवारी संपवायचे, फरसबी-फ्लॉवर मधल्या दिवसांत, कोबी आणि दुधी गुरुवारनंतर. शनिवारी टोपली रिकामी असते, तेव्हा आदल्या रात्री भिजवलेल्या मटकीची उसळ नाहीतर पिठलं-भात. भात त्याच रात्री संपेल इतकाच लावायचा.