"एक पाणी मारलंय" म्हणे!

काल रात्री जेवायला बसलो, मेथीची भाजी, गरम भाकरी, दिवसभराची भूक, आणि पहिल्याच घासाला कर्रर्र. दाताखाली वाळू! अंगावर असा काटा आला की घास ना गिळवे ना टाकवे. आणि नवरा म्हणतो, "अगं धुतलीये मी, एक पाणी मारलंय की."

एक पाणी? भर पावसातली मेथी, जुडीच्या मुळांना ओंजळभर चिखल चिकटलेला आणि तिला एक पाणी? बरं ते मारलं कधी तर चिरून झाल्यावर! म्हणजे आधी चिखलासकट कचाकच चिरली, बोर्डवर हिरवा-तपकिरी लगदा झाला, मग तोच लगदा चाळणीत भरून नळाखाली धरला. भाजीतलं क जीवनसत्त्व हिरव्या पाण्याबरोबर सिंकमधे गेलं आणि माती राहिली आमच्यासाठी. अख्खी कढई टाकून द्यावी लागली. सोळा पाकळ्या लसूण सोलली होती मी त्या भाजीसाठी, दाण्याचं कूट केलं होतं. सगळं कचऱ्यात. वर ऐकून घ्यायचं काय तर "थोडी माती पोटात गेली तर काय होतं". अरे तू खा मग, पोराच्या ताटात कशाला?

किती वेळा सांगितलंय की आधी निवडायची, मुळं आणि पिवळी पानं काढायची, मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात बुडवायची आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. माती आपोआप तळाला बसते. मग पानं हाताने वरच्यावर उचलून दुसऱ्या पाण्यात टाकायची. उचलून! पातेलं चाळणीत उपडं केलं की तळातला सगळा गाळ परत पानांवर, मग धुतलं काय नि नाही काय सारखंच. तळाशी कण दिसायचे थांबेपर्यंत पाणी बदलायचं, पावसाळ्यात चार वेळा तरी. आणि चिरायची त्यानंतर. यात अवघड काय आहे मला खरंच कळत नाही.

आता विषय निघालाच आहे तर गेल्या वर्षीचा जाऊबाईंचा फ्लॉवर पण सांगते. तुरे मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवले असते तर अळ्या तिथेच सुटून आल्या असत्या, त्या आल्या पाहुण्यांच्या रश्श्यात. माझ्याच वाटीत एक. मी वाटी उचलून आत नेली आणि कोणाला बोलले नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्याकडे फ्लॉवर खात नाही. शेजारच्या काकूंनी 2020 मधे टोमॅटो भांड्याच्या साबणाने घासले होते, अन्नसुरक्षेचं सरकारी खातं एफएसएसएआय तेव्हा सांगत होतं की फळं-भाज्यांना साबण लावू नका, तो खाण्यासाठी नसतो, पण ऐकतंय कोण. एकाची तऱ्हा नुसतं नळाखालून फिरवायचं, दुसऱ्याची साबण. साध्या पाण्यात हाताने नीट चोळून धुवायला काय होतं लोकांना?

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते "शिजवल्यावर सगळं मरतं" ऐकलं की. जंतू मरतील, माती कशी मरेल? आणि फवारा? काही औषधं तर झाडाच्या आतच भिनतात, ती धुऊनही जात नाहीत, मग जे वरवर बसलंय ते तरी काढाल की नाही? आणि कोथिंबिरीचं काय? ती कुठे शिजते? पोह्यांवर, मिसळीवर, कोशिंबिरीत कच्चीच जाते आणि नेमकी तीच बिना धुता चिरतात! ताजी दिसावी म्हणून भाजीवाल्याने दिवसभर ओल्या गोणपाटात ठेवलेली, कुठल्या बादलीतलं पाणी शिंपडलेलं, आणि तीच थेट पोराच्या पोह्यांवर.

लहानपणी आजी आम्हाला समोर बसवून मेथी निवडून घ्यायची, एकेक काडी. तास जायचा. पण तिच्या भाजीत आयुष्यात कधी वाळू लागली नाही, आणि तिच्याकडे नळही नव्हता, पाणी विहिरीवरून यायचं.

आज कोथिंबीर आणलीये. पातेल्यात तिसरं पाणी आहे, अजून तळाशी कण दिसतायत, आणि हा दारात उभा राहून विचारतोय "अजून किती वेळ, पोहे गार होतील." होऊ देत. चौथं पाणी घेतेय मी.